उंट डावीकडे पाहतो

पाटी चार ओळींची होती. डच मजकूर तयार होता, इंग्रजी मजकूर मला करायचा होता. ‘खजिन्याचा नकाशा. ओमानमधील डोंगर. एका डच भूगर्भतज्ज्ञाने हाताने काढलेला. ठिकाण काल्पनिक.’

हा भूगर्भतज्ज्ञ आमच्या शेजारच्या बाईंचा बाप. झूटरमेर या डच गावात आमची आठ घरांची एक रांग आहे. सातवं घर त्यांचं, आठवं आमचं. बाईंचं वय एक्क्याऐंशी. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्या मला ‘ब्यूरफ्राउ’ म्हणत, म्हणजे शेजारीण. मीही त्यांना तेच म्हणत असे. चार वर्षांत आम्हाला एकमेकींच्या नावाची गरज पडली नव्हती.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या वृद्धनिवासातल्या दोन खोल्यांत राहायला जाणार होत्या. घर रिकामं करताना वडिलांचा नकाशा आणि स्लाइड्सची एक पेटी निघाली. दोन्ही त्यांनी गावातल्या नकाशाप्रेमींच्या मंडळाला दाखवलं. मंडळ वाचनालयात प्रदर्शन भरवणार होतं. एका भिंतीवर खऱ्या जागांचे नकाशे, समोरच्या भिंतीवर कल्पनेतल्या जागांचे. इंग्रजी पाट्या लिहिणं आणि फोटो तपासणं हे काम बाईंच्या शिफारशीनं माझ्याकडे आलं. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी नऊ वर्षं काढली होती. नवऱ्याच्या परमिटवर इथं आल्यावर त्या नऊ वर्षांचा कोणाला फारसा उपयोग झाला नव्हता.

पाटीचा मसुदा मी बाईंना त्यांच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवला.

“काल्पनिक म्हणजे खोटं,” त्या म्हणाल्या.

“काल्पनिक म्हणजे कल्पनेतलं.”

“माझे वडील दगड मोजायचे, ब्यूरफ्राउ. कल्पना वगैरे त्यांना जमत नसे.”

नकाशा कापडावर डकवलेल्या कागदावर होता, साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. खाली एक गाव, नावासकट. गावापासून वर जाणारी कोरड्या नदीची दरी. दरीला पुढे दोन फाटे. डावा फाटा अरुंद, उजवा रुंद. दोन्हींच्या मध्ये, उजव्या फाट्याच्या बाजूला कललेलं एक टोकदार शिखर. डाव्या फाट्यात आत एक फुली. समासात वडिलांच्या बारीक अक्षरात तीन वाक्यं: ‘फाट्यापाशी खडकावर उंट. उंट डावीकडे पाहतो. तो पाहतो तिकडे जा.’ खाली दोन उभ्या रेघा, आणि मध्ये ठिपका असलेलं एक वर्तुळ.

वडिलांनी घरी सांगितलेली गोष्ट नकाशाहूनही लहान होती. तिथल्या एका म्हाताऱ्या वाटाड्यानं त्यांना खजिना दाखवला, त्यांनी त्यातला थोडा घेतला आणि उरलेला तिथंच ठेवला. बाई तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या. काय घेतलं, हे त्यांनी बऱ्याच वेळा विचारलं. वडील फक्त हसायचे.

अडचण स्लाइड्सची होती. खडकावरच्या उंटाची स्लाइड स्पष्ट होती. लालसर काळा दगड, त्यावर टोचून टोचून काढलेला हातभर लांबीचा उंट. तो उजवीकडे पाहत होता. दरीच्या फाट्याची स्लाइडही होती. तिच्यात अरुंद फाटा उजवीकडे होता आणि शिखर डावीकडे कललेलं. नकाशा एक सांगत होता आणि फोटो त्याच्या बरोबर उलट.

बाईंच्या घरी याचं उत्तर फार पूर्वीच ठरलं होतं. इथं वाढदिवसाला पाहुणे खुर्च्यांचं रिंगण करून बसतात. कॉफी, केकचा एक तुकडा आणि तेच ते विनोद. बाईंचा थोरला भाऊ दरवर्षी त्या रिंगणात एक वाक्य म्हणायचा: “आमच्या बाबांना डावं-उजवं कळत नव्हतं, म्हणून आपण श्रीमंत झालो नाही.” सगळे हसत. भाऊ वारला तेव्हा स्मरणसभेतही कोणीतरी ते वाक्य म्हणून दाखवलं. तेव्हाही लोक हसले.

“मीसुद्धा हसले,” बाई म्हणाल्या. “पन्नास वर्षं हसते आहे. आता ते भिंतीवर छापून लागणार. मला जाण्याआधी एवढंच कळायला हवं, की बाबा खरं सांगत होते की नव्हते.”

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त जमीनमोजणी अधिकारी होते. सरळ बोलणारे आणि वेळेचे पक्के. त्यांनी नकाशावर अन्याय केला नव्हता. गाव त्यांनी उपग्रहाच्या चित्रात शोधलं. दरी सापडली, फाटेही सापडले. पण फोटोत दिसतं तसं तिथं काही नव्हतं. ओमानमधला एक वाटाड्या त्यांच्या ओळखीचा होता. डोंगरात पर्यटकांना फिरवणं हा त्याचा व्यवसाय. फोटोतला उंट जिकडे पाहतो त्या उजव्या फाट्यात त्यांनी त्याला पाठवलं. फाट्यापाशी त्याला उंट दिसला नाही, आणि आत खजिना शोधणाऱ्यांनी खणून सोडलेले खड्डे सापडले, दुसरं काही नाही.

मंडळाच्या बैठकीत खुणांवर बरीच चर्चा झाली. एका सभासदाच्या मते उंट म्हणजे सोन्याचा तांडा. दुसऱ्याच्या मते दोन रेघा म्हणजे पुरलेली दोन माणसं. तिसऱ्यानं ठिपक्याच्या वर्तुळाला नाणं ठरवलं. त्याच्याकडे अशा खुणांची वहीच होती: सापाची खूण, कासवाची खूण, पावलाची खूण, आणि प्रत्येकीसमोर अर्थ. वहीतले अर्थ कुठून आले, असं मी विचारलं.

“दुसऱ्या वहीतून,” तो म्हणाला.

अध्यक्षांनी बैठक आवरली. “नकाशा माणूस काढतो. फोटो यंत्र काढतं. दोघांत वाद झाला तर मी यंत्राच्या बाजूनं. बाईंच्या वडिलांनी एका ठिकाणचे फोटो काढले आणि नकाशा नंतर आठवणीनं रचला. काल्पनिक.”

मी एकच शंका काढली. स्लाइड्स उलट्या तर नाहीत ना?

ही शंका डेस्कवरची होती. फिल्मच्या काळात फोटो उलटा छापला जाणं ही नेहमीची चूक होती. आमच्याकडे एका समारंभाचा फोटो असा छापला गेला आणि दुसऱ्या दिवशी फोन थांबेनात. तेव्हापासून ज्येष्ठ उपसंपादक प्रत्येक नव्या माणसाकडून एक क्रम पाठ करून घेत: आधी पदर, मग घड्याळ, मग गुंड्या. बाईचा पदर डाव्या खांद्यावर, पुरुषाचं घड्याळ डाव्या मनगटावर, सदऱ्याची डावी पट्टी वर. एक जरी उलटं दिसलं तरी फोटो परत पाठवायचा.

“तपासा,” अध्यक्ष म्हणाले. “पाट्या पुढच्या गुरुवारी दुपारी बाराला छापायला जातील.”

मंडळानं स्लाइड्स स्कॅन करून पेटी बाईंना परत दिली होती. मी स्कॅन तपासले. दगड, वाळू, शेळ्या, तंबू, पुन्हा दगड. अक्षर असलेली पाटी कुठंच नव्हती. माणसं असलेली आणि चेहरे नीट दिसणारी एकच स्लाइड होती. किनाऱ्यावरच्या एका गावातलं दुकान, त्यासमोर उभं असलेलं भारतीय व्यापाऱ्याचं कुटुंब. पुरुषाच्या लांब कोटाच्या गुंड्या सावलीत होत्या. घड्याळ नव्हतं. शेजारी त्याची बायको, डोक्यावरून पदर, हात जोडलेले. पदर तिच्या डाव्या खांद्यावर होता.

डावा खांदा. मी वहीत बरोबरची खूण केली.

बुधवारी बाईंच्या घरी गेले. मंडळाचा संमतीचा कागद टेबलावर होता, सहीची जागा रिकामी.

“तुम्ही स्वतः तपासलंत?” त्यांनी विचारलं.

“हो. फोटो सुलटे आहेत.”

“खात्रीनं?”

“खात्रीनं.”

“मग झालं.” त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, खाली सही केली आणि पेन टोपण लावून ठेवलं. “भाऊ बरोबर होता म्हणायचा. कॉफी घेणार?”

त्या शनिवारी हूफडॉर्पला गरबा होता. दर नवरात्रात तिथल्या एका क्रीडागृहात तो भरतो. आमच्या ओळखीची अर्धी मंडळी गुजराती, अर्धी मराठी, आणि सगळ्यांच्या नोकऱ्या आयटीत. माझ्या एका गुजराती मैत्रिणीनं मला बांधणीची साडी दिली होती आणि नेसवायचं कामही स्वतःकडे घेतलं होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास कपडे बदलायच्या खोलीत, खेळाडूंच्या बाकांमध्ये, ती माझ्याभोवती फिरत होती. निऱ्या झाल्या. सवयीनं मी पदर डाव्या खांद्यावर टाकला. तिनं तो तिथून ओढून काढला.

“दीदी, यहाँ आपका मराठी कंधा नहीं चलेगा.”

“मराठी कंधा म्हणजे?”

“लेफ्टवाला. हमारा पल्लू पीछे से आता है, राइट कंधे पे, आगे फैलता है. और कोना यहाँ, लेफ्ट कमर में. हिलो मत. मेरी सास फोटो देखेगी तो पूछेगी, इसको किसने बिगाड़ा.”

तिनं कोपरा खोचला, पिन लावली आणि मला खांद्यांना धरून आरशाकडे वळवलं.

आरशात एक बाई उभी होती. पदर मागून खांद्यावर आलेला, छातीवर पंख्यासारखा पसरलेला, कोपरा कमरेला खोचलेला. आणि आरशात तो खांदा डावा दिसत होता. ही बाई मी पाहिली होती. दुकानासमोर, हात जोडून.

डेस्कवर शिकलेला क्रम पुण्यातल्या साडीचा होता. कच्छ-काठियावाडकडून ओमानला गेलेल्या व्यापाऱ्याच्या बायकोला तो लागू नव्हता. तिचा पदर पुढून पसरलेला होता, म्हणजे तो उजव्या खांद्यावर हवा होता. स्लाइडमध्ये तो डाव्या खांद्यावर होता. मी फक्त खांदा पाहिला होता, पदर कुठून कुठं जातो ते पाहिलं नव्हतं. आणि एका पुराव्यावर खात्री दिली होती.

“क्या हुआ? टाइट है क्या?” मैत्रिणीनं विचारलं.

“नाही. एक करेक्शन द्यायचं आहे.”

“अभी? पहले दो राउंड,” ती म्हणाली आणि हात धरून बाहेर घेऊन गेली.

रविवारी सकाळी दहा वाजता मी बाईंची बेल वाजवली. इथं वेळ ठरवल्याशिवाय शेजारीही बेल वाजवत नाहीत. बाईंनी दार उघडून आधी माझ्याकडे आणि मग आमच्या घराकडे पाहिलं.

“कुठं आग लागली?”

“कुठं नाही. मी बुधवारी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पेटी पाहायची आहे.”

पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. स्लाइड्स प्लास्टिकच्या चौकटींत होत्या. प्रत्येक चौकट दोन भागांची, एक बाजू पांढरी, एक करडी. पांढरी बाजू पाहणाऱ्याकडे ठेवायची. स्कॅन करणाऱ्यांनीही तसंच केलं होतं. पण चौकटीनं झाकलेल्या फिल्मच्या कडेवर, भोकांच्या रांगेशेजारी, कारखान्यातच अक्षरं आणि आकडे छापलेले असतात. फिल्म सुलटी असेल तर ते सरळ वाचता येतात. चौकट उघडली की प्रश्न संपणार होता. ती शंभर टक्के खात्रीची तपासणी होती आणि मी ती पहिल्यांदाच करायला हवी होती.

बाईंनी लोण्याची सुरी आणली. उंटाची स्लाइड मी पांढरी बाजू वर ठेवून धरली, सुरीचं टोक फटीत घातलं. चौकट टिचकीसारखा आवाज करून उघडली. पांढरा भाग उचलला. फिल्म होती तशीच होती. कडेला पिवळट अक्षरं दिसली, आणि शेजारी फ्रेमचा आकडा.

“वाचा,” मी म्हटलं.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी फिल्मवर बोट न टेकवता अक्षरांवरून बोट फिरवलं, शेवटाकडून सुरुवातीकडे.

“उलटं आहे,” त्या म्हणाल्या. “सगळं आरशातलं आहे.”

मी फिल्म उचलून पालथी केली. अक्षरं सरळ झाली. उंटानं मान फिरवली आणि तो डावीकडे पाहू लागला.

बाईंनी सुरी माझ्या हातून घेतली. मग त्यांनी दुसरी चौकट उघडली, मग तिसरी. फाट्याची स्लाइड उलटी होती. दुकानाचीही.

“या चौकटी कोणी बसवल्या?” मी विचारलं.

“मी.”

वडील गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, त्या शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत असताना, बागेतल्या छपरीत ठेवलेल्या पेटीला ओल लागली. पुठ्ठ्याच्या जुन्या चौकटी फुगल्या. त्यांनी नव्या चौकटी आणल्या आणि याच टेबलावर बसून एकेक फिल्म बदलली. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूवर चित्राचा किंचित उठाव दिसतो.

“मला वाटलं, चित्र ज्या बाजूवर आहे ती बाजू माणसाकडे हवी. फोटोचा कागद असतो तसं. म्हणून मंद बाजू पांढऱ्या भागाकडे.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच. मी फार नीटनेटकी मुलगी होते, ब्यूरफ्राउ.” आणि त्या हसायला लागल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “एक जरी चुकून बरोबर बसवली असती!”

दुपारी आमच्या घरी लॅपटॉप उघडला. बाई जॅकेट घालून आल्या होत्या, दोन घरांमधलं अंतर सहा पावलं असूनही. मी फाट्याचा स्कॅन समोर आणला आणि काय करायचं आहे ते नवऱ्याला सांगितलं.

“अगं, हे एका क्लिकचं काम आहे.”

“कर.”

“महिनाभर तू आणि ते सगळे हे उलटं बघत होता?” त्यानं क्लिक केलं. “झालं. कन्सल्टन्सी फी म्हणून चहा.”

“चहा तूच टाक. दोन कप. एक बिनदुधाचा.”

उलटवलेला फोटो आणि उपग्रहाचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. गाव नकाशात होतं तेच. दरी तीच. अरुंद फाटा डावीकडे, रुंद उजवीकडे, शिखर उजवीकडे कललेलं. शिखराच्या उतारावर एक फिकट पट्टा होता, तो फोटोतही होता आणि वरूनही दिसत होता. बाईंनी वडिलांचा नकाशा पडद्यासमोर धरला. मोजपट्टी लागली नाही. मी त्या दुपारपुरती खात्री हा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं होतं. पण नवरा स्वयंपाकघरातून कप घेऊन आला, उभ्या उभ्या पडद्याकडे आणि कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, “सेम टु सेम आहे की.”

सोमवारी सकाळी अध्यक्षांना फोन केला. आधी माझी चूक सांगितली, मग बाकीचं.

“एका साडीवरून?” ते म्हणाले.

“साडीवरून शंका आली. खात्री फिल्मच्या कडेवरून झाली.”

“ती कडा मला पाहायची आहे.”

ते सायकलवरून अर्ध्या तासात आले. सात चौकटी त्यांनी स्वतः उघडल्या. सुरीही स्वतःची आणली होती. शेवटची चौकट बंद करून ते म्हणाले, “फोटोंच्या बाबतीत मी चुकलो. यंत्र बरोबर होतं, माणसानं ते उलटं धरलं.”

“बाईनं,” शेजारच्या बाई म्हणाल्या.

“बाईनं. पण पाटीवरचा शब्द अजून बदलत नाही. फोटो आणि नकाशा जुळतात, एवढंच सिद्ध झालं. फुलीच्या जागी काही आहे का, हे सिद्ध झालेलं नाही. गुरुवारी बारापर्यंत कळलं तर बदलेन. नाही कळलं तर काल्पनिक.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. डेस्कवर मीही हेच म्हटलं असतं. बाईंनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी अध्यक्षांना दुसरं बिस्किट दिलं. एकावर डबा बंद करण्याची इथं पद्धत आहे.

ओमानच्या वाटाड्याला त्याच दिवशी संदेश गेला. उलटवलेले फोटो आणि समासातल्या वाक्यांचं इंग्रजी त्याला पाठवलं. डाव्या फाट्यात जायचं, एवढीच विनंती. तो पर्यटकांना घेऊन दुसऱ्या डोंगरात होता. बुधवारी मोकळा होईन, असं त्यानं कळवलं. बुधवारी दिवसभर काही आलं नाही. डोंगरात फोन लागत नाही, असं अध्यक्षांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्या वेळी न विचारता.

गुरुवारी सकाळी मी दोन मजकूर तयार ठेवले. एक जुना. दुसऱ्यात शेवटची ओळ रिकामी. दहा वाजता बाई आमच्याकडे येऊन बसल्या. त्यांच्या घरी खुर्च्या बांधून झाल्या होत्या.

दहा चाळीसला अध्यक्षांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, “पाठवतो आहे. दोघींनी एकदम पाहा.”

पहिला फोटो उंटाचा होता. तोच दगड, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. उंट डावीकडे पाहत होता. दुसरा फोटो दरीच्या वळणाचा, तिसरा पुढच्या वळणाचा. वाटाड्यानं खाली लिहिलं होतं: ‘दोन रेघा, दोन वळणं.’ चौथ्या फोटोत खडकात माणूस वाकून जाईल एवढी फट होती आणि तिच्या माथ्यावर, बोटभर खोल कोरलेलं, मध्ये ठिपका असलेलं वर्तुळ.

शेवटी एक मिनिटाहून लहान चित्रफीत होती. विजेरीचा उजेड फटीतून आत जातो. दगडात खोदलेल्या पायऱ्या, कडा झिजलेल्या. सात पायऱ्यांनंतर उजेड थांबतो आणि परत वर येतो, कारण खाली पाणी आहे. वाटाड्या खाली वाकतो. ओंजळ दिसते. पाणी पिण्याचा आवाज येतो. मग त्याचं इंग्रजी, धापा टाकत: “गोड आहे. मेंढपाळ अजून येतात इथं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, ही जागा सगळ्यांना माहीत आहे. सोनं शोधणारे तेवढे येतात आणि उजवीकडे खणून जातात.”

बाईंनी चित्रफीत परत लावायला सांगितली. तिसऱ्या वेळी, ओंजळ दिसली तिथं, त्यांनी हात वर करून थांबवलं.

“थोडा घेतला आणि उरलेला तिथंच ठेवला,” त्या म्हणाल्या. “बाबा प्यायले. पाणी प्यायले ते.”

मग त्या उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर ट्रामच्या थांब्यावर नेहमीची माणसं नेहमीच्या ट्रामची वाट पाहत होती. बाई तिथून, पाठमोऱ्या, मोठ्यानं म्हणाल्या, “त्यांना डावं-उजवं कळत होतं!” थांब्यावरच्या एकानं मान वर करून पाहिलं.

अकरा वाजता अध्यक्षांचा दुसरा फोन. “ठिकाण आहे. नकाशा समोरच्या भिंतीवर जाईल, खऱ्या जागांच्या. मधोमध. मजकूर पाठवा, तासभर आहे.”

मी चार ओळी लिहिल्या. ‘पाण्याचा नकाशा. ओमानमधील डोंगर. एका डच भूगर्भतज्ज्ञाने हाताने काढलेला. खडकावरील खुणांनुसार ठिकाण आजही सापडते.’ बाईंनी त्या वाचल्या आणि तर्जनीनं टेबलावर टकटक केलं. शाळेत वर्ग गप्प करायची त्यांची ही पद्धत असावी.

“पाणी नको. खजिनाच ठेवा. त्यांचा शब्द आहे.”

“ठेवला.”

“आणि पाचवी ओळ हवी. ‘छायाचित्रे त्यांच्या मुलीने उलटी बसवली होती.’”

“त्याची गरज नाही,” मी म्हटलं.

“तुम्ही वर्तमानपत्रात चूक झाली की काय करता?”

“दुरुस्ती छापतो.”

“कुठं?”

“शक्य तर त्याच पानावर.”

“मग? पन्नास वर्षं ते त्यांच्या नावावर होतं. आता माझ्या नावावर लावा.”

पाचवी ओळ घातली. सहावीही घालायला हवी होती, फोटो तपासणाऱ्याची. मी ती लिहून अध्यक्षांना पाठवली. जागा नाही, असं त्यांनी कळवलं. पाच ओळी बारा वाजायच्या आधी छापायला गेल्या.

प्रदर्शन उघडलं तेव्हा बाई वृद्धनिवासात राहायला गेल्या होत्या. मी त्यांना तिथून घेऊन आले. त्यांनी निळा कोट घातला होता आणि नकाशाशेजारी ठेवलेली खुर्ची नाकारली. पूर्ण दुपार त्या उभ्या राहिल्या. भाच्यांपैकी कोणीतरी, वाढदिवसांच्या रिंगणातलं, कुटुंबासह आलं. त्यानं पाटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली, परत वाचली आणि म्हणाला, “आत्या, म्हणजे आता आम्ही कशावर हसायचं?”

“माझ्यावर,” बाई म्हणाल्या. “पाचवी ओळ. मोठ्यानं वाच.”

त्यानं वाचली. लोक हसले. त्या सगळ्यांत मोठ्यानं हसल्या.

मग एक अनोळखी गृहस्थ नकाशासमोर येऊन थांबले. कापडावरच्या कागदाकडे वाकून पाहिलं, समासातलं बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न केला आणि फाट्यापाशी बोट आणून विचारलं, “इथून कुठं जायचं?”

बाईंनी पर्स उजव्या हातात घेतली, डावा हात मोकळा केला आणि तो खांद्याच्या उंचीपर्यंत सरळ उचलून दाखवला.